सागवानी टेबलावरचे फेणीचे डाग

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला आमचं घर वेळागरच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, जेवणखाण आमच्याच स्वयंपाकघरातलं. रेडी गाव ओलांडलं की गोव्याची हद्द, त्यामुळे येणाऱ्यांच्या सामानात काजूची फेणी असणं नवीन नाही. पावसाच्या तोंडावर आलेल्या एका मंडळींची बाटली रात्री पडवीतल्या गोल टेबलावर कलंडली. कोणाच्या लक्षात आलं नाही आणि फेणी सकाळपर्यंत तिथेच साचून राहिली. सकाळी त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, भरून द्यायचीही तयारी दाखवली. पण ते टेबल माझ्या आजेसासऱ्यांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेलं, जुन्या सागाचं, मधल्या खांबावर कमळाच्या पाकळ्या कोरलेलं. त्याचे पैसे काय सांगणार?

मी फडकं घेतलं आणि नुसतं टिपलं, पुसलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सुरुवातीलाच सांगते. दारूने पॉलिश मऊ झालेलं असतं. अशा वेळी खसाखसा पुसलं, तर विरघळलेलं पॉलिश फडक्याबरोबर सरकतं आणि तळहाताएवढा डाग ताटाएवढा होतो. टिपून घ्यायचं आणि वारा लागेल असं उघडं ठेवायचं. अल्कोहोल उडून गेलं की मऊ झालेलं पॉलिश पुन्हा बरंचसं घट्ट होतं. तोवर त्यावर वर्तमानपत्र, टेबलक्लॉथ, फुलदाणी काहीही ठेवायचं नाही, ते चिकटून बसतं.

दोन दिवसांनी टेबलाकडे नीट पाहिलं, तेव्हा डाग एक नव्हताच, तीन वेगवेगळ्या जातींचे होते. जिथे बर्फ घातलेले ग्लास ठेवले होते तिथे पांढुरकी वर्तुळं. जिथे फेणी साचली होती तिथे हाताला लागणारा खोलगट, खरखरीत चट्टा, चमक गेलेली आणि कडेला पॉलिशची बारीक वळी जमलेली. आणि कडेला, जिथे फळीला जुनी चीर आहे आणि खालून लोखंडी स्क्रू मारलेला आहे, तिथे निळसर काळा डाग.

डागाचा रंग पाहिला की तो किती खोल गेलाय ते कळतं. पांढरा असेल तर ओल पॉलिशच्या थरात अडकलेली असते, लाकडापर्यंत पोचलेली नसते. थरात शिरलेल्या ओलीमुळे उजेड आरपार जात नाही, विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. काळा असेल तर पाणी लाकडात उतरलंय आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडलीय. आमच्याकडे मिठागरांचं गाव, खारा वारा; घरातला एकही लोखंडी खिळा गंजल्यावाचून राहत नाही. त्यामुळे काळा डाग पाहिल्यावर मी आधी टेबलाखाली वाकून पाहिलं. स्क्रूच्या डोक्याला गंजाचे पापुद्रे आले होते.

पण रंगावरून खोली कळली तरी उपाय कळत नाही. त्यासाठी वर पॉलिश कोणतं आहे ते ठाऊक हवं. इथेच बहुतेक लोक थेट घरगुती उपायाकडे धावतात. कोणी टूथपेस्ट सांगतं, कोणी लिंबू, कोणी फडकं ठेवून वरून इस्त्री. यातलं एखादं एखाद्या पॉलिशवर चालतंही, पण दुसऱ्यावर तेच नुकसान करतं. चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश उष्णतेने मऊ होतं, त्यावर इस्त्री फिरवणं म्हणजे नवा डाग ओढवून घेणं. आणि लिंबाचा आम्ल रस जुन्या पॉलिशवर घालायला मला तरी कारण दिसत नाही.

पॉलिश ओळखायची चाचणी सोपी आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाच्या आतल्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, कापसाच्या काडीने मेथिलेटेड स्पिरिटचा (न पिण्याजोग्या अल्कोहोलचा) एक थेंब लावायचा आणि मिनिटभराने बोट टेकवायचं. चिकट लागलं तर ते चपडीचं पॉलिश, ज्याला फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात. स्पिरिटने काही झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही, तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे कृत्रिम थर. आमचं टेबल स्पिरिटच्या थेंबाने लगेच चिकट झालं. जुन्या घरांतल्या सागवानी, शिसवी सामानावर बहुतेक हेच असतं.

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही. सगळं गणित या एका गुणात आहे. बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ती सांडली तर पाणी सांडल्यासारखंच, लगेच टिपलं तर पॉलिश शाबूत राहतं. आपल्याकडच्या व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के, फेणीही त्याच घरातली. ती तासन्‌तास साचली की पॉलिश विरघळणारच. आणि दारू घरात येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. २०२० साली आमच्याकडे दाराशेजारच्या कोनाड्यातल्या लाकडी फळीवर सॅनिटायझरची बाटली असायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीने केलेल्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे फेणीच्या जवळजवळ दुप्पट. त्या फळीवरचं पॉलिश बाटलीच्या बुडाच्या आकारात गेलं. अत्तराची स्प्रेबाटली आणि होमिओपॅथीचे थेंब यांचंही तेच. ज्यांच्या कपाटावर असे गोल डाग आहेत, त्यांनी ते पाण्याचे समजू नयेत.

मी आधी जवळच्या शहरातल्या एका फर्निचर दुकानात विचारलं. तिथल्या माणसाने फोटो पाहून सांगितलं, मशीनने घासून काढतो, वर पीयू मारतो, काचेसारखं होईल. मला ते पटलं नाही, आणि आजही पटत नाही. जुन्या सागाचा तो मधाळ तपकिरी रंग वरच्या पातळ थरात असतो, उजेडाने आणि वयाने आलेला. मशीन फिरलं की तो जातो आणि खालचं फिकट लाकूड उघडं पडतं. कडा आणि कोरीव काम बोथट होतं. शिवाय पीयू कडक आणि टिकाऊ असलं तरी त्याला ठिगळ लावता येत नाही, ओरखडा गेला की बहुतेक वेळा सगळा पृष्ठभाग पुन्हा करावा लागतो. चपडीचं उलट आहे. दारूने ती लवकर खराब होते हे खरं, पण ज्या स्पिरिटने ती विरघळते त्याच स्पिरिटमधून नवीन थर दिला तर तो जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. त्यामुळे हाताएवढी जागा हाताएवढीच दुरुस्त करता येते. रोज गरम भांडी आपटणाऱ्या जेवणाच्या टेबलाला पीयू मारायला माझी हरकत नाही. पण आजेसासऱ्यांच्या टेबलाला नको.

शेवटी सावंतवाडीकडच्या एका पॉलिशवाल्या काकांचा पत्ता लागला. वय झालेले, आता मोठी कामं घेत नाहीत. आले, चष्मा कपाळावर सारून टेबलावर नाक टेकेल इतके वाकले, बोटाने चट्टा चाचपला आणि म्हणाले, "वयनी, लाकडाक काय्येक झाला नाय. झाला ता पॉलिशाक." दुकानातला सल्ला सांगितल्यावर म्हणाले, "मशीन लावूक देव नकात कोणाक." मग मला वाटलं आता काम सुरू होईल, तर त्यांनी बाहेर आभाळाकडे बोट दाखवलं. "पावस जावंदे. आता हात लावलात तर चपडी पांढरी पडतली."

त्याचं कारण त्यांनी नंतर काम करताना उलगडून सांगितलं. स्पिरिट भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. हवा दमट असेल तर त्या गार थरावर बाष्प धरतं आणि ओल पॉलिशमध्येच कोंडली जाते. शिवाय स्पिरिट स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या हवेच्या गावी बारा महिने चालणारं हे काम आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बंद ठेवावं लागतं. गणपतीआधी घरातलं सगळं चकचकीत करायची आपल्याकडे घाई असते, पण चपडीच्या कामाला तो मुहूर्त वाईट. दसरा उलटला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, वारा कोरडा झाला की मग.

पांढऱ्या वर्तुळांना मात्र थांबायची गरज नव्हती, ती त्यांनी माझ्यावर सोपवली. आधी सौम्य उपाय, तो पुरला नाही तर पुढचा. वर्तुळांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावून रात्रभर ठेवला. सकाळी पुसल्यावर काही वर्तुळं गेली, काही फिकट झाली. तेलकट पदार्थ थरातल्या सूक्ष्म पोकळ्यांत शिरतो आणि पांढरेपणा मावळतो. खोबरेल तेलानेही बऱ्यापैकी हेच होतं. उरलेल्या वर्तुळांसाठी काकांनी राख सांगितली. चुलीतली शेणीची राख मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून घेतली, अगदी वस्त्रगाळ, बोटांत धरली तर कण लागू नये अशी. ती खोबरेल तेलात कालवून मऊ फडक्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवली. राख म्हणजे फार बारीक घासणारी पूड. पॉलिशचा अगदी वरचा, ओल अडकलेला पापुद्रा तेवढा ती काढते. थोडं फिरवायचं, पुसायचं, पाहायचं, लागलं तर पुन्हा. टूथपेस्टही असंच काम करते, पण तिचं घासणं प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी जास्तच चमक घालवते. राखेवर माझा भरवसा जास्त आहे. वर्तुळं गेली, तिथली चमक थोडी मंद झाली, आणि ती पुढे पॉलिशच्या नव्या हातांत (थरांत) भरून निघाली.

पावसाळाभर टेबल पडवीतून आतल्या खोलीत हलवलं, भिंतीपासून सुटं, वर काही न ठेवता.

ऑक्टोबरात काका आले ते पितळी स्क्रू घेऊनच. काळ्या डागाचं मूळ आधी काढलं. गंजलेला स्क्रू काढला नसता तर डाग पुन्हा आला असता. मग तेवढ्याच जागेवरचं पॉलिश स्पिरिटच्या फडक्याने उतरवून लाकूड उघडं केलं, आणि ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक कोमट पाण्यात विरघळवून, प्लॅस्टिकच्या भांड्यात, ब्रशने डागावर लावलं. लोखंड आणि टॅनिनने झालेला काळेपणा याच आम्लाने जातो, कारण ते लोखंडाला पकडून पाण्यात उतरवतं. हे विषारी आहे. रबरी हातमोजे घालायचे, लहान मुलांना आणि मांजरांना लांब ठेवायचं, स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही. डाग डोळ्यांदेखत फिका होत गेला. तो गेल्यावर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून आम्ल काढलं. जागा पूर्ण वाळेपर्यंत काका पुढच्या कामाला शिवले नाहीत, आणि धुण्याआधी पॉलिश पेपर अजिबात लावू दिला नाही, कारण आम्लाचे वाळलेले कण धुळीबरोबर नाकाघशात जातात. चीर मात्र त्यांनी बुजवली नाही. ती टेबलाची जुनी चीर आहे, तशीच राहू दे असं मीही म्हटलं.

मग चपडी. काकांनी कागदाच्या पुडीतून नारिंगी, पातळ, काचेसारखे पापुद्रे काढले. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जो राळेसारखा थर तयार करतात, तो खरवडून, वितळवून, गाळून हे पापुद्रे करतात. झारखंड त्याचं मोठं केंद्र. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ सालीच निघाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्या मिश्रणाच्याच असत. आणि सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांवरचा लाखकामाचा रंग आपण लहानपणापासून पाहतो. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने वितळून चढते. तिथे उष्णता, इथे स्पिरिट, वस्तू तीच. काकांच्या हातात ती पुडी पाहताना हे सगळं मला एकदम जवळचं वाटलं.

प्रमाण पातळ. लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या हिशेबाने, म्हणजे आमच्या कामाला २०० मिलीलिटर स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम चपडी पुरली. काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून रात्रभर ठेवली, मधूनमधून हलवली, सकाळी मलमलमधून गाळली. लोखंडी डब्यात ठेवायची नाही, रंग काळवंडतो. जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको. स्पिरिटची वाफसुद्धा पेट घेते. खिडक्या सगळ्या उघड्या.

चपडी लावण्याआधी पृष्ठभाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घेतला. मी त्यावर जेली आणि खोबरेल फिरवलेलं होतं. त्याचा अंश राहिला तर नवीन थर धरत नाही. टर्पेंटाइन तेल काढतं आणि लाखेला हात लावत नाही, म्हणून तेच.

चट्ट्याच्या कडेची वळी त्यांनी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, बोटाच्या टोकाने, जेमतेम टेकवत सपाट केली. मग बोळा बांधला. आत कापूस, बाहेरून जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा, खालची बाजू सुरकुतीविना ताणलेली. पॉलिश कापसात मुरवायचं, फडक्यावर ओतायचं नाही, आणि मग बोळा कागदावर दाबून जास्तीचं काढून टाकायचं. आंबोळीच्या बिड्यावर (तव्यावर) तेलाचा हात फिरवताना जेवढा ओलावा नारळाच्या सोडणाला असतो, तेवढाच बोळ्याला हवा. त्याच्या तळाला अळशीच्या तेलाचं एक बोट, म्हणजे तो चिकटत नाही.

खरी कला इथून पुढे. बोळा टेबलावर सरळ टेकवायचा नाही. हात आधी हवेत चालू, मग चालत्या हाताने एका बाजूने पृष्ठभागावर उतरायचं, जागेवरून जायचं आणि न थांबता दुसऱ्या बाजूने उचलायचं. गोल गोल, मग आठाच्या आकड्यासारखं, मग रेषांच्या दिशेने लांब. "हात थांबलो की संपला," काका म्हणाले. थांबलेल्या बोळ्यातलं स्पिरिट खालचा थर उचलून घेतं आणि तिथे फडक्याची वीण उमटते. त्यांनी मला बोळा दिला तो आधी फळीच्या तुकड्यावर, आणि हात मोकळा झालाय हे पाहिल्यावर टेबलावर. एक हात दिला की थोडं थांबायचं, मग दुसरा. खड्डा एका जाड थराने भरायला गेलं तर वरून सुकतं, आतून ओलं राहतं आणि पुढे सुरकुततं. पातळ थरांनी तो हळूहळू भरत येतो. दिवसाला थोडेच हात, रात्रभर विश्रांती, सकाळी पॉलिश पेपरने नाममात्र घासून पुन्हा.

नवी जागा जुनीपेक्षा फिकी दिसायला लागली, तेव्हा काकांनी स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग काडीच्या टोकाएवढा पॉलिशमध्ये मिसळला आणि दारातल्या उजेडात आणून जुळवला. घरातल्या दिव्याखाली रंग जुळवू नये, सकाळी वेगळाच दिसतो. शेवटच्या हातांत त्यांनी पूर्ण पृष्ठभाग घेतला, म्हणजे दुरुस्त केलेल्या जागेची कड राहिली नाही. अगदी शेवटी जवळजवळ कोरड्या बोळ्याला स्पिरिटचा नुसता वास लावून झरझर फिरवलं. त्याने वर तरंगलेलं अळशीचं तेल उचललं गेलं आणि चमक उघडली. ती काचेसारखी नाही. लाकडाच्या रेषा तिच्यातून खोल दिसतात. मला तेवढंच हवं होतं.

अळशीचं तेल लागलेली फडकी त्यांनी अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवली आणि मगच टाकायला दिली. चुरगळून ढीग केला तर तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. लाकडी घरात हे विसरून चालणार नाही.

टेबल लगेच वापरात घेतलं नाही. स्पर्शाला कोरडं वाटलं तरी चपडीला पुरतं कडक व्हायला काही आठवडे लागतात. आता ते पुन्हा पडवीत आहे. ग्लासांसाठी जाड सुती चकत्या शिवून ठेवल्यात, आणि पाहुणे आले की टेबल कशाचं आहे, त्यावर काय सांडू नये, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. लोक ऐकतात, बऱ्याचदा वाकून लाकूड बघतात आणि आपल्या आजीच्या कपाटाविषयी सांगायला लागतात.

काकांनी उरलेलं पॉलिश माझ्याकडे ठेवलं, पण बरणीवर तारीख घालून. स्पिरिटमध्ये घातलेली चपडी महिने उलटले की हळूहळू बदलते आणि मग नीट सुकतच नाही, कायम चिकट राहते. सहा महिन्यांनंतर ती टेबलाला लावण्याआधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहायचा. दुसऱ्या दिवशी नख टेकवल्यावर खूण उमटली, तर बरणीतली टाकून द्यायची आणि नवी भिजवायची. कोरडे पापुद्रे मात्र गार, कोरड्या जागी बरेच टिकतात, म्हणून मी ते जास्त आणून ठेवलेत. सॅनिटायझरने खाल्लेली ती कोनाड्यातली फळी अजून करायची आहे.